ड्रॉवरमधल्या जुन्या टॅबवर पूर्ण डेस्कटॉप: कुणी खरंच वापरतंय का?

खिळखिळा | शनिवार, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. ड्रॉवर आवरताना एक आठ इंची टॅब सापडला. दहाएक वर्षांपूर्वीचा. आला तेव्हा जी ओएस (विंडोज) होती ती पुढे वाढत वाढत गेली आणि टॅब बिचारा होता तेवढाच राहिला, आता चालू केला की आधी अपडेट शोधतो, मग अपडेटला जागा नाही म्हणून रडतो आणि मग नुसता तापत बसतो. २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. पण स्क्रीन अजून स्वच्छ आहे, बॅटरी तीनेक तास टिकते, त्यामुळे टाकवत नाही.

लिनक्स टाकावं म्हणतोय. अँड्रॉइडसारखं काही नकोय, मला फायली-फोल्डर पाहिजेत, टर्मिनल पाहिजे, पूर्ण ब्राउझर पाहिजे, लिब्रेऑफिस पाहिजे. थोडक्यात लॅपटॉपच, पण लोळत वापरता येणारा. कुणी केलंय का असं? आणि केलं असेल तर चार दिवसांनी परत ड्रॉवरमध्ये गेला की अजून वापरताय, हे प्रामाणिकपणे सांगा.

तूर्त घोडं इथे पेंड खातंय की पेनड्राइव्हवरून बूटच होत नाही. हाच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला की मुकाट चालतो, टॅबच्या बूट मेनूत मात्र त्याचं नावच नाही. काल दोन तास गेले.

एकओळी | शनिवार, रात्री १०:२०

परत ड्रॉवरमध्ये ठेवा. (हलके घ्या.)

कर्नलकाका | शनिवार, रात्री ११:०२

पेनड्राइव्हचा दोष नाही. तुमचा टॅब बहुतेक इंटेलच्या बे ट्रेल चिपांच्या पिढीतला असणार, अ‍ॅटम झेड३७३५एफ किंवा त्याचा एखादा भाऊ. त्या काळच्या स्वस्त टॅबांची गंमत अशी की चिप ६४ बिटची, पण तिला जागं करणारं यूईएफआय फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला, ओएसच्या आधी चालणारा प्रोग्राम) ३२ बिटचं. फर्मवेअर पेनड्राइव्हवर बूटआयए३२ नावाची फाइल शोधतं, बहुतेक आयएसओमध्ये (पेनड्राइव्हवर उतरवायच्या इन्स्टॉलच्या फाइलमध्ये) असते फक्त बूटएक्स६४. ती सापडली नाही की त्याच्या लेखी पेनड्राइव्ह रिकामा, म्हणून मेनूत नाव नाही.

लोक इथे चिडून ३२ बिटची अख्खी ओएस टाकतात, त्याची काही गरज नाही. बूट करून देणारी पहिली पायरी तेवढी ३२ बिट पाहिजे, पुढे कर्नल (ओएसचा गाभा) आणि बाकी सगळं ६४ बिट चालतं. डेबियन या लिनक्सने २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून ही सोय केलेली आहे, तेच घ्या.

अजून दोन गोष्टी. एकच मायक्रो यूएसबी पोर्ट असेल तर ओटीजी हब (एका पोर्टला अनेक गोष्टी जोडणारा) लागेल, कारण पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड दोन्ही लावायचेत, इन्स्टॉल होताना स्क्रीनवर कीबोर्ड येईलच असं नाही. आणि तो पोर्ट हबने अडवला की चार्जिंग बंद, तेव्हा आधी बॅटरी पूर्ण भरा. निम्म्यात विझला तर मग खरंच एकओळींचं ऐकावं लागेल.

खिळखिळा | रविवार, दुपारी १:४०

काका, साष्टांग! झालं बूट!! हब, त्याला वायरचा कीबोर्ड, पेनड्राइव्ह, माऊस, सगळा पसारा लावून टॅब मधे पेशंटसारखा ठेवला होता. फक्त एक, इन्स्टॉलर पूर्ण आडवा पडलेला दिसतो. म्हणजे टॅब आडवा धरला की अक्षरं उभी आणि टॅब उभा धरला की कीबोर्डची वायर पुरत नाही. मान वाकडी करून सगळे प्रश्न वाचले आणि उत्तरं दिली. एकदा पार्टिशनच्या प्रश्नाला 'हो' म्हणलो की 'नाही' हे नंतर कळलं. असो, जुनं सगळं गेलं, गनोम डेस्कटॉप आलाय, वायफाय चालतंय.

कर्नलकाका | रविवार, दुपारी २:१५

ते तसंच असतं. आत लावलेला पॅनल मुळात उभा, ८०० बाय १२८० चा. तुमच्या आधीच्या ओएसला ते माहीत होतं म्हणून ती फिरवून दाखवायची. लिनक्स कर्नलमध्ये अशा उलट्यासुलट्या पॅनलांची एक यादीच आहे, कुठल्या मॉडेलची स्क्रीन किती फिरवायची याची. तुमचं मॉडेल त्या यादीत नाही एवढाच अर्थ. वायफाय चाललं हे नशीब समजा. ह्या टॅबांत सर्रास असणाऱ्या आरटीएल८७२३बीएस या वायफाय चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०१७ साली ४.१२ ला आला, त्याआधी लोक तो हाताने कंपाइल करत बसायचे.

मधमाशी | रविवार, दुपारी ४:३०

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. माझ्याकडे अँड्रॉइड टॅब आहे, ८ जीबी रॅम, चिप तर खिळखिळा यांच्या टॅबच्या कैक पट जोरदार. मग हाच डेबियनचा पेनड्राइव्ह मी त्याला लावला तर?

कर्नलकाका | रविवार, संध्याकाळी ६:०५

काहीच होणार नाही. आणि ही शंका बाळबोध मुळीच नाही, ह्या सगळ्या विषयाची मेख तिथेच आहे.

पीसीचं जग, मग तो दहा वर्षांचा फुटकळ टॅब का असेना, एका करारावर चालतं. यंत्र सुरू झालं की फर्मवेअर ओएसच्या हातात एसीपीआय नावाचा तक्ता देतं: स्क्रीन इथे, यूएसबी तिथे, बॅटरी अशी वाचायची. ओएसने तो वाचायचा आणि कामाला लागायचं. म्हणून एकच आयएसओ हजार वेगवेगळ्या लॅपटॉपांवर चालतो. अँड्रॉइड टॅबांत तो करार नाही. आर्म चिपवर कुठल्या पत्त्यावर काय जोडलंय हे चिप स्वतः सांगत नाही, ते डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमध्ये आधीच लिहून ठेवावं लागतं, त्या एका मॉडेलपुरतं. म्हणजे एका मॉडेलचा कर्नल दुसऱ्यावर गेला तर त्याला अंधारात आपण कुणाच्या घरात शिरलोय हेच कळत नाही.

त्यात बूटलोडर कुलूपबंद. काही कंपन्या उघडू देतात, काही नाहीच. उघडला की टॅबवरचा सगळा डेटा पुसला जातो, ही सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली गोष्ट आहे. आणि मग ड्रायव्हर. कंपनीने दिलेला कर्नल बऱ्याचदा वर्षानुवर्षं जुना, त्यातले ग्राफिक्सचे ड्रायव्हर अँड्रॉइडपुरतेच. अ‍ॅड्रिनो या ग्राफिक्स चिपांसाठी फ्रीड्रिनो आणि माली चिपांसाठी पॅनफ्रॉस्ट हे उघडे ड्रायव्हर लोकांनी वर्षं घालवून लिहिलेत म्हणून थोडी आशा आहे.

तरीही करायचंच असेल तर पोस्टमार्केटओएस बघा. २०१७ पासून चाललेला प्रकल्प आहे, अल्पाइन या छोट्या लिनक्सवर उभा, जुन्या फोन-टॅबांना दहा वर्षं जगवायचं हे त्यांचं घोषित ध्येय. त्यांच्या विकीवर प्रत्येक मॉडेलसमोर तक्ता असतो, टच चालतो का, वायफाय चालतं का, कॅमेरा चालतो का. आपलं मॉडेल तिथे नसेल तर गप्प बसावं. उगाच हात दाखवून अवलक्षण.

श्याओमी पॅड ५ वर लोकांनी आर्मचं विंडोज ११ पण चालवून दाखवलंय, त्यासाठी स्टोरेजचा पार्टिशन तक्ता स्वतः बदलावा लागतो. तिथे एक आकडा चुकला की टॅबची पाटी होते. लिहायची नव्हे, नुसती फरशी.

दोन_खिडक्या | रविवार, रात्री ९:१८

मधमाशी, काकांनी घाबरवलं म्हणून थांबू नका, एक बिनधोक रस्ता आहे. टर्मक्स, अँड्रॉइडवरचं टर्मिनल अ‍ॅप. बूटलोडर उघडणं नाही, रूट (पूर्ण मालकी हक्क) नाही, काही पुसलं जात नाही. मी दीड वर्ष वापरतोय.

टर्मक्स टाकायचं (एफ-ड्रॉइड या अ‍ॅपच्या दुकानातून घ्या), त्यात प्रूट-डिस्ट्रो, त्यात डेबियन, त्यात एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि चित्र दिसायला टर्मक्स-एक्स११. ब्लूटूथ कीबोर्ड-माऊस जोडला की समोरच्याला खरं वाटत नाही की हा अँड्रॉइड टॅब आहे. गिंप, लिब्रेऑफिस, पायथन सगळं चालतं.

पण हे खरं डेस्कटॉप नाही हे लक्षात ठेवा. कर्नल अँड्रॉइडचाच आहे, प्रूट फक्त मधे बसून थापा मारतो. आतल्या प्रोग्रामने फाइल मागितली की प्रूट ती विनंती अडवतो, पत्ता बदलतो आणि मग कर्नलकडे पाठवतो. प्रत्येक वेळी. नुसतं टाइप करताना जाणवत नाही, पण हजारो बारक्या फायली उलगडायच्या असल्या, एखादं मोठं पॅकेज टाकायचं असलं, की बघत बसावं लागतं. सिस्टमडी (मागे चालणाऱ्या सेवा सांभाळणारा) नाही, डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारा) नाही, यूएसबीला लावलेल्या डिस्कचा पार्टिशन वगैरे बदलणं नाही.

आणि एक छळ. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपने सुरू केलेल्या उपप्रोसेसवर सगळ्या मिळून ३२ ची मर्यादा आली. डेस्कटॉप उघडला की ती कधीच ओलांडली जाते आणि मग लिहिता लिहिता सगळं गायब, टर्मिनलवर फक्त 'सिग्नल ९'. मला आठवडाभर वाटत होतं रॅम कमी पडतेय, रॅम कशाची कमी पडतेय. डेव्हलपर ऑप्शनमध्ये चाइल्ड प्रोसेसची मर्यादा बंद करायचं बटण असलं तर ते दाबा, नसलं तर एडीबीने, म्हणजे आज्ञा लिहून, करावं लागतं.

विंडोजचे प्रोग्राम पाहिजे असतील तर बॉक्स६४ (पीसीच्या चिपची भाषा आर्मला समजावणारा) आणि वाइन (विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा) असं दुमजली बांधकाम आहे. जुने, हलके प्रोग्राम चालतात. बाकी नशीब.

मधमाशी | रविवार, रात्री ९:५०

अरे वा! हे जमेल मला. चित्र दिसलं नाही तरी चालेल, आधी टर्मिनल तर दिसू दे.

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ८:२२

आयपॅडवाल्यांनी काय करायचं?

दोन_खिडक्या | सोमवार, सकाळी ८:४१

मोजून दोन रस्ते. आयएसएच, त्यात छोटं अल्पाइन चालतं, फक्त टर्मिनल. आणि यूटीएम एसई, जुलै २०२४ मध्ये अ‍ॅप स्टोअरवर आलं, त्यात खरंच पूर्ण विंडोज किंवा लिनक्स उघडतं.

पण संथ. का, तर एम्युलेटरला वेग येतो तो जेआयटीने, म्हणजे दुसऱ्या चिपच्या सूचनांचं चालता चालता भाषांतर करून, ते साठवून, थेट चालवण्याने. आयपॅडवर बाहेरच्या अ‍ॅपला असा नवा तयार केलेला कोड चालवायला परवानगी नाही. मग उरतं काय, एकेक सूचना वाचायची, समजून घ्यायची, करायची, विसरायची, परत तीच वाचायची. विंडोज एक्सपी वगैरे आठवण म्हणून बघायला ठीक. रोजच्या कामाला म्हणाल तर नाकापेक्षा मोती जड.

गंमत म्हणजे २०२१ मध्येच आयपॅड प्रोमध्ये एम१ आली, मॅकमधलीच चिप. यंत्राची ताकद कधीच अडली नव्हती, दार लावलेलं आहे.

एकओळी | सोमवार, सकाळी ११:३०

आता मनापासून लिहितो. तुम्ही सगळे चुकीचा प्रश्न सोडवताय. टॅबवर डेस्कटॉप *चालवायचा* कशाला, टॅबवर डेस्कटॉप *बघायचा*. घरात एक बरा पीसी चालूच असतो ना? रिमोट डेस्कटॉप लावा. मी सहा वर्षं हेच करतोय. टॅबमध्ये दोन जीबी रॅम असो की आठ, तो फक्त येणारं चित्र दाखवतो आणि माझी बोटं परत पाठवतो. कंपाइल पीसीवर, फायली पीसीवर, बॅटरी खर्च फक्त चित्राची. बहुतेक रिमोट अ‍ॅपमध्ये बोटाला ट्रॅकपॅडसारखं वापरायची सोय असते, म्हणजे बोट कुठेही घासा, बाण हलतो, त्यामुळे बारीक बटणांचा प्रश्नही सुटला. बाहेरून वापरायचं तर व्हीपीएनमधून या, आरडीपीचा (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा) ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका, त्या पोर्टवर दिवसभर कुणी ना कुणी दार वाजवतच असतं.

खिळखिळा यांच्या जागी मी असतो तर रविवार वाचवला असता.

दोन_खिडक्या | सोमवार, सकाळी ११:४४

एकओळींनी इतक्या ओळी लिहिल्या! धाग्याचं सार्थक झालं :)

मुद्दा बरोबर आहे पण नेट गेलं की तुमचा टॅब म्हणजे आरसा.

एकओळी | सोमवार, सकाळी ११:४६

मान्य.

शाईपेन | सोमवार, रात्री १०:३७

मी चित्रं काढते, टॅबवर डेस्कटॉपवालं क्रिटा वापरते, त्यामुळे ह्या विषयावर माझं रक्त आटलेलं आहे. इथे सगळे बूट आणि ड्रायव्हर बोलतायत, बोटाबद्दल कुणीच बोललं नाही.

साधा हिशोब करा. आठ इंची स्क्रीन, १२८० बाय ८००, म्हणजे इंचाला सुमारे १८९ पिक्सेल. डेस्कटॉपवर खिडकी बंद करायची फुली समजा २० पिक्सेलची. ती तुमच्या टॅबवर पावणेतीन मिलिमीटरची झाली. बोटाचं टोक ठेवलं की फुली, शेजारची दोन बटणं आणि थोडी मागची खिडकी, सगळं एकदम झाकलं जातं. अँड्रॉइडच्या नियमावलीत बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी सांगितलीय, म्हणजे नऊएक मिलिमीटर. आयफोन-आयपॅडवर ४४ पॉइंट. ते आकडे हवेतून आलेले नाहीत, लक्ष्य जितकं बारीक आणि लांब तितका नेम धरायला वेळ जास्त, हे पॉल फिट्सने १९५४ साली मोजून दाखवलं होतं, तेव्हा माऊसही नव्हता.

बरं मग स्केलिंग वाढवा. दीडपट केलं तर फुली चार मिलिमीटर. दुप्पट केलं तर साडेपाचच्या आत, पण आता तुमची स्क्रीन हिशोबाने ६४० बाय ४०० ची उरली! सेटिंगचा कुठलाही मोठा डायलॉग उघडा, खालचं 'ओके' स्क्रीनच्या बाहेर. कीबोर्ड असता तर सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) धरून खिडकी वर ओढली असती, कीबोर्ड कुठाय? आणि तेवढ्यात स्क्रीनवरचा कीबोर्ड वर आला की उरलेल्या निम्म्या जागेत तुम्ही काय लिहिताय तेच दिसत नाही.

शिवाय माऊसला जे येतं ते बोटाला येत नाही. नुसतं वर नेऊन थांबणं (हॉवर) बोटाला नाहीच, एक तर टेकलंय नाहीतर नाही. त्यामुळे वर नेल्यावर उघडणारे मेनू, बारीक पिवळ्या पाट्या, सगळं मुकं. उजवी क्लिक म्हणजे दाबून धरणं, ते कुठे चालतं, कुठे मजकूर सिलेक्ट होतो.

उपाय माझ्या मते एकच, पेन. विद्युतचुंबकीय पेनचं टोक काचेपासून थोडं वर असतानाच टॅबला कळतं, म्हणजे हॉवर परत मिळालं, आणि टोक बारीक. पेन हातात असलं की डेस्कटॉप ओएस टॅबवर अचानक शहाणी वाटायला लागते. खिळखिळा, तुमच्या टॅबला पेन चालत नसणार. वाईट वाटतं.

जुनाजाणता | सोमवार, रात्री ११:२०

शाईपेन ताई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत (बोट!). आणि हे इतिहासाशी जुळतं. बिल गेट्स २००१ च्या कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनात म्हणाले होते की पाच वर्षांत टॅबलेट हाच अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पीसी होईल. २००२ मध्ये विंडोज एक्सपीची टॅबलेट पीसी आवृत्ती आली. ती पेनचीच होती, बोटाची नव्हे. जड, महाग, म्हणून मागे राहिली, पण डेस्कटॉप पेनने चालवायचा ही कल्पना मुळात वेडी नव्हती. २०१० ला आयपॅडने उलटं केलं, बोट कायम ठेवलं आणि डेस्कटॉप काढून टाकला.

मग २०१२ ला विंडोज आरटी. दिसायला डेस्कटॉप, पण चिप आर्म, बाहेरून आणलेला नेहमीचा प्रोग्राम त्यात टाकताच यायचा नाही, आणि सिक्युअर बूट (मान्यता नसलेली ओएस सुरू न होऊ देणारं कुलूप) बंद करता यायचं नाही म्हणून दुसरी ओएसही नाही. डेस्कटॉपची खिडकी भिंतीवर रंगवून दिली होती. त्याचा आधार १० जानेवारी २०२३ ला संपला. सॅमसंगनेही २०१८ ला लिनक्स ऑन डेक्स काढलं, टॅबवर अधिकृतपणे उबुंटू, आणि वर्षभरात अँड्रॉइड १० च्या वेळी गुंडाळलं. मला ते फार आवडलेलं, हळहळलो होतो.

आता पिक्सेलवर मार्च २०२५ पासून अँड्रॉइडच्या आतच डेबियनचं टर्मिनल मिळतं, तेही प्रूटसारख्या थापा न मारता, खऱ्या आभासी यंत्रात. (खरं आभासी, वा.) बघू हे किती टिकतंय.

खिळखिळा | बुधवार, रात्री १२:०८

शाईपेन ताईंनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर भोगतोय. गेल्या तीन दिवसांचा हिशोब देतो.

एक, टच चालतो पण उलटा. म्हणजे स्क्रीन मी फिरवून आडवी केली तर टच उभाच राहिला, वर डावीकडे दाबलं की खाली कुठेतरी उमटतं. बंद करायला गेलो की नवीन खिडकी उघडते. दोन, ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की टॅब झोपतो (टॅबमधल्या टॅबने टॅब झोपला, असं वाक्य लिहायची वेळ आली माझ्यावर). तीन, आणि हे गंभीर, अधूनमधून पूर्ण गोठतो. काही जड चाललेलं नसतानाच. नुसतं पीडीएफ वाचत होतो, पान उलटेना, घड्याळ पण थांबलं. पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं हाच इलाज. चार, रात्री स्क्रीन बंद करून ठेवला, सकाळी बॅटरी शून्य.

एकओळींचा सल्ला रात्री बारा वाजता फार शहाणा वाटतो.

कर्नलकाका | बुधवार, सकाळी ७:५०

खचू नका, चारही गोष्टी ओळखीच्या आहेत. उलट्या क्रमाने घेतो.

रात्रीची बॅटरी. जुन्या लॅपटॉपात झोप म्हणजे एस३, रॅम सोडून सगळ्याची वीज बंद. विंडोज ८ च्या काळात ह्या टॅबांसाठी फोनसारखी झोप आली, कागदावर यंत्र चालूच, फक्त प्रत्येक भागाने स्वतःहून शांत व्हायचं. एकाचा जरी ड्रायव्हर जागा राहिला की अख्खी चिप खोल झोपेत जात नाही. घरात एका खोलीत दिवा राहिला म्हणून अख्खं घर जागं. तुमच्या टॅबवर तो जागा राहणारा कोण हे शोधण्यात महिना जाईल. सरळ बंद करून ठेवत जा, लिनक्स तसंही पटकन चालू होतं.

गोठणं. जड काम नसताना गोठतो हाच पुरावा. बे ट्रेलवर लिनक्सची ही प्रसिद्ध डोकेदुखी आहे, चिप रिकामी असताना खोल विश्रांतीत जाते आणि कधीकधी परत येतच नाही. आधी कर्नल नवीन आहे ना बघा. तरी गोठला तर बूटच्या ओळीत इंटेल_आयडल चा मॅक्स_सीस्टेट १ करा. मग ती खोल विश्रांती घेणारच नाही. बॅटरी थोडी जास्त जाईल, पण गोठण्यापेक्षा बरं.

रॅम. झेडरॅम लावा. रॅमचाच एक भाग दाबून बसवलेल्या स्वॅपसारखा (रॅम भरली की वापरायच्या राखीव जागेसारखा) वापरतो, तुमच्या त्या ईएमएमसीवर, म्हणजे आतल्या स्टोरेजवर, स्वॅप टाकण्यापेक्षा कितीतरी जलद. लोक म्हणतील गनोम काढा आणि एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई हे हलके डेस्कटॉप टाका. हीच तर ह्या टॅबांची कात्री आहे: जे डेस्कटॉप हलके ते माऊससाठी बनलेले, बोट ओढलं की पान सरकायच्या ऐवजी मजकूर निळा होतो, आणि ज्यांना बोट कळतं ते रॅमला भारी. मी म्हणेन गनोम वेलँडवरच (स्क्रीनवर चित्र दाखवणारी नवी व्यवस्था) ठेवा आणि ब्राउझरच्या पानांवर ताबा ठेवा.

टच. स्क्रीन सेटिंगमधून हाताने फिरवू नका. आत हालचाल ओळखणारा सेन्सर आहे, तो आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी नावाचा प्रोग्राम वाचतो आणि गनोम त्यावरून स्क्रीन आणि टच दोन्ही मिळून फिरवतं. पण तुमचा सेन्सर बोर्डावर वेगळ्या दिशेने बसवलेला असणार, त्याला त्याची दिशा सांगणारी तीन बाय तीनची एक मॅट्रिक्स एचडब्ल्यूडीबीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या हार्डवेअरच्या नोंदवहीत, लिहावी लागते. नीट ऐका, ती ओळ *ईटीसी* खालच्या यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबी फोल्डरमध्ये स्वतःची नवी फाइल करून लिहा, मग एचडब्ल्यूडीबी अपडेट चालवा आणि रीबूट.

आणि जाता जाता, इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली नाहीत ना? केली असेल तर पासवर्ड विचारला जातो तेव्हा डेस्कटॉप अजून उगवलेलाच नसतो, म्हणजे स्क्रीनवरचा कीबोर्डही नाही. दर वेळी हब जोडत बसाल.

खिळखिळा | बुधवार, सकाळी ८:०३

केलीये.

एकओळी | बुधवार, सकाळी ८:०४

:))

मधमाशी | गुरुवार, दुपारी ३:१२

टर्मक्समध्ये डेबियन आलं! चित्र पण दिसलं! पण मराठी टाइप कसं करायचं? अँड्रॉइडचा कीबोर्ड एक्स११ च्या खिडकीत मराठी उमटवतच नाही, इंग्रजी तेवढं उमटतं.

दोन_खिडक्या | गुरुवार, दुपारी ४:००

हो, मीही त्यातून गेलोय. डेबियनच्या आत आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायची सोय) आणि त्याचं एम१७एन टाका, त्यात मराठीचे लेआउट असतात, आणि खरा कीबोर्ड जोडा. इन्स्क्रिप्ट येत असेल तर सोन्याहून पिवळं. देवनागरी फाँट पण वेगळा टाकायला विसरू नका, नाहीतर सगळीकडे चौकोन. विंडोजवाल्यांचं इथे बरंय, २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक आतच मिळतं.

शाईपेन | शुक्रवार, रात्री ९:४५

खिळखिळा, जिवंत आहात का? पुढे काय झालं?

खिळखिळा | पुढच्या महिन्यातला रविवार, सकाळी १०:२५

जिवंत आहे, टॅबही. उशिराबद्दल क्षमस्व.

एन्क्रिप्शन काढून सगळं परत टाकलं, ह्यावेळी मान वाकडी न करता, उशीवर आडवा पडून. सीस्टेट १ केल्यापासून एकदाही गोठला नाही. झेडरॅम आहे. टच सरळ झाला, टॅब फिरवला की स्क्रीन आपोआप फिरते, पहिल्यांदा फिरली तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं, कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही. फोनची पण फिरते की, म्हणाले.

सुरुवातीला जे लिहिलं होतं, पूर्ण लॅपटॉप पण लोळत, ते झालेलं नाही. लिब्रेऑफिस एकदा उघडलं, तक्त्याच्या एका चौकोनावर नेम धरता धरता बंद केलं. ब्राउझर दोन पानांपुरता. पण टर्मिनल पूर्ण स्क्रीनवर, फाँट मोठा, छोटा ब्लूटूथ कीबोर्ड आणि पीसीला एसएसएच (दुसऱ्या यंत्राचं टर्मिनल दुरून वापरणं), हे इतकं छान चालतं की लिहायचं काम आता मी ह्यावरच करतो. म्हणजे अर्धं एकओळींचं झालं आणि अर्धं काकांचं. पीडीएफ वाचायला तर फारच बरा. सूचना येत नाहीत, कुणी काही पाठवत नाही, तो एका जागी पडून असतो आणि मी दुसऱ्या.

ड्रॉवरमध्ये गेलेला नाही, एवढं काकांच्या कानावर घालतो.

एकओळी | रविवार, सकाळी १०:३१

अर्धा रविवार परत मिळाला म्हणायचा.

खिळखिळा | तीन दिवसांनी, रात्री ११:५२

काका, आहात का. आज सगळं अपडेट केलं आणि स्क्रीन परत आडवी. टच पण. मी काहीच केलेलं नाही.

कर्नलकाका | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:१०

आहे. ती मॅट्रिक्सची ओळ कुठल्या फाइलमध्ये लिहिली होती?

खिळखिळा | सकाळी ७:२२

तिथे आधीच एक सेन्सरची फाइल होती, यूएसआर-लिबमध्ये. तिच्यातच शेवटी चिकटवली. नवीन फाइल कशाला करायची म्हणून.

कर्नलकाका | सकाळी ७:२५

ती पॅकेजची फाइल आहे, अपडेट आलं की नवी येऊन बसते. *ईटीसी* म्हणलो होतो ना. ओळ जपून ठेवलीत का कुठे?

खिळखिळा | सकाळी ७:२७

त्याच फाइलमध्ये होती.